काटकोनाचं अंतर

सुताराची करवत हे हत्यार आणि सैनिकाची तलवार हेही हत्यारच. खंडेनवमीला दोन्ही एकाच पाटावर पुजली जातात. मराठीने दोघांना एकच शब्द दिला, तो किती अचूक आहे हे मला मध्ययुगीन युरोपातली लांब दांड्याची शस्त्रं पाहताना उमगलं.

इंग्लंडमध्ये कुंपणाच्या फांद्या छाटायला आकडीसारख्या टोकाचा कोयता असतो, ‘बिलहुक’. तोच उंच दांड्यावर चढला, त्याला भाल्याचं अणकुचीदार टोक जोडलं आणि ‘बिल’ हे शस्त्र झालं. फांदी ओढणारी आकडी आता घोडेस्वाराला खाली ओढू लागली. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या उतारावर स्कॉटिश भालाइतांची रांग विस्कटली, तेव्हा अशाच बिलांनी त्यांची कत्तल केली; त्यांचा राजा चौथा जेम्सही तिथेच पडला. बोहेमियात १४२० च्या दशकात हुसाइट या धर्मसुधारक पंथाच्या शेतकऱ्यांनी धान्य झोडपायच्या जोडदांडक्यांना लोखंडी खिळे ठोकले आणि गाड्यांच्या तटाआडून चिलखती स्वारांना परतवलं.

सगळीच शस्त्रं अशी शेतातून आली नाहीत. कुऱ्हाडीचं पातं, भाल्याचं टोक आणि आकडी एकत्र आणणारं स्विस ‘हॅल्बर्ड’ लोहारांनी युद्धासाठीच घडवलं. पण त्याच्याही मुळाशी कुऱ्हाड होती, आणि कुऱ्हाड चालवणारा हात सरपण फोडूनच तयार झालेला होता. तलवारबाजीला पैसा आणि फुरसत लागते. कुळवाड्याजवळ दोन्ही नव्हती. होता तो जन्मभराच्या कामाने घडवलेला खांदा. लांब दांड्याने त्याच खांद्याच्या घावाला वेग दिला आणि घोड्यावरच्या माणसाला त्याच्या टप्प्यात आणलं. सरंजामी स्वाराचा दरारा ओसरला, त्यात या खांद्याचा मोठा वाटा आहे.

मध्ययुग सरल्यावरही हे थांबलं नाही. १७९४ मध्ये रात्स्वावित्सेच्या लढाईत सेनापती कोश्चुश्कोच्या पोलिश शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या, त्या गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्यांनी. या विळ्याचं पातं दांड्याला आडवं असतं. लोहाराने ते दांड्याच्या रेषेत सरळ बसवलं, एवढाच बदल. पीक कापणं आणि माणूस कापणं यांत एका काटकोनाचं अंतर होतं.

ते ओलांडावं लागलं, याची जबाबदारी मी शेतकऱ्यावर टाकणार नाही. ज्यांनी त्याच्या शेतावर घोडे घातले, त्यांची ती आहे. आज बिल संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. बिलहुक मात्र अजून इंग्लंडच्या बांधांवर कुंपण छाटतो आहे. दोघांपैकी टिकलं ते कामाचं हत्यार, आणि मला त्यात माणसाविषयीची आशा दिसते.