शीघ्र शब्दांचा हिशेब

तरुण मुले ज्याला 'फ्रीस्टाइल रॅप' म्हणतात, त्याला मराठीतला शीघ्रकवित्व हा जुना, भारदस्त शब्द चपखल बसतो. ताल सुरू झाला की उभे राहायचे, समोर येईल तो विषय घ्यायचा, आणि आधी लिहून न ठेवलेल्या ओळी यमकात बांधीत बोलत राहायचे. थांबणे म्हणजे हरणे. या कलेविषयी एका धर्मगुरूने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या वयाची माणसे या विषयाकडे वळतात ती बहुधा तक्रार करण्यासाठीच. तक्रार आम्हांलाही करायची आहे. परंतु उत्तम फ्रीस्टाइल ऐकताना मनाला आनंद होतो हे आधी मान्य केले पाहिजे, आणि तो आनंद नेमका कशाचा हे तपासले पाहिजे. त्याशिवाय केलेली तक्रार मुले ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असेही आम्हांला वाटत नाही.

अमेरिकेतील हॅरी मॅक या कलावंताचे उदाहरण घ्या. जाझ पद्धतीच्या तालवाद्याचे रीतसर शिक्षण घेतलेला हा गृहस्थ अनोळखी माणसांकडून तीन शब्द मागून घेतो. एखादा म्हणतो 'केळे', दुसरा म्हणतो 'आजी', तिसरा 'गुरुत्वाकर्षण'. मग हा त्या तिन्ही शब्दांना एका सूत्रात ओवतो, मध्येच समोरच्याच्या अंगातील सदऱ्याचा रंग, त्याच्या खोलीतील भिंतीवरचे चित्र, त्याचे हसणे, सारे त्या ओळींत येते. ऐकणारा तोंडावर हात ठेवून बघत राहतो. कोणीतरी आपल्याकडे नीट पाहिले, याचा तो आनंद असतो. यमक जुळल्याचा आनंद त्यानंतरचा.

हिप-हॉपच्या जन्मकथेतही हेच दिसते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कँपबेल नावाच्या मुलीने एक छोटा नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य होते. तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकाहून आलेला, पुढे 'डीजे कूल हर्क' म्हणून प्रसिद्धीस आला. तो तबकड्या वाजवीत होता, आणि त्याचा मित्र कोक ला रॉक माइकवरून जमलेल्या मित्रांची नावे पुकारीत होता. ज्या वस्तीतील घरे ओस पडत आणि जळत चालली होती, जिच्या पोटातून मोठा हमरस्ता काढून शेजार तोडला गेला होता, त्या वस्तीत एका मुलाने माइक हातात घेतला आणि पहिले काम केले ते शेजाऱ्याला नावाने हाक मारण्याचे.

पुढे या हाकेचे द्वंद्व झाले. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेममधील 'हार्लेम वर्ल्ड' या क्लबात बिझी बी आणि कूल मो डी यांची जी गाठ पडली, तिचा उल्लेख जाणकार आजही करतात. बिझी बी गर्दीला हसवण्यात, तिच्याकडून प्रतिसाद काढून घेण्यात वाकबगार होता. कूल मो डीने गर्दीकडे न पाहता त्याच्याकडेच पाहिले आणि सर्वांसमक्ष ओळीगणिक त्याचा पाणउतारा केला. त्या रात्रीची ध्वनिफीत हातोहात फिरली. शीघ्रकवित्वाची चढाओढ म्हणजे समोरच्याला शब्दांनी भुईसपाट करणे, ही रुची तेथून दृढ झाली.

तिचे मूळ आणखी जुने आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात 'डझन्स' नावाचा खेळ होता. जॉन डोलार्ड या अभ्यासकाने १९३९ साली त्यावर निबंध लिहिला. दोन मुले समोरासमोर उभी राहून एकमेकांची आणि विशेषतः एकमेकांच्या आईची निंदा करतात, भोवती बघे असतात, आणि जो आधी चिडतो तो हरतो. ज्या समाजाला घराबाहेर पडताच रोज अपमान गिळावा लागे, त्याच्या मुलांनी अपमान पचवण्याची तालीम अशी खेळातून घ्यावी, यात आम्हांला करुणाही दिसते आणि शहाणपणही दिसते. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडात एका पक्षाने कोडे टाकायचे आणि दुसऱ्याने कवनातच ते सोडवायचे, नाहीतर हार पत्करायची, अशी रीत होती. रुखवताच्या गाण्यांत विहिणीला जे ऐकावे लागे तेही काही सौम्य नसे. तेव्हा निंदेच्या खेळाला केवळ परका म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे सेमिनरीतील जुनी शिदोरी उपयोगी पडते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात जिभेच्या पापांचा विचार फार बारकाईने केला आहे. समोरासमोर केलेला अपमान आणि पाठीमागे केलेली बदनामी ही ते दोन वेगळी पापे मानतात. पहिल्यात माणसाचा मान दुखावतो, दुसऱ्यात त्याची कीर्ती हिरावली जाते. थट्टेत बोललेल्या टोचणाऱ्या शब्दांनाही त्यांनी जागा दिली आहे. हेतू दुखावण्याचा नसेल, विरंगुळ्याचा असेल आणि प्रसंगाचे भान सुटले नसेल, तर अशा थट्टेत पाप नसू शकते. मात्र लोकांना हसवता यावे एवढ्यासाठी जो समोरच्याच्या वेदनेची पर्वा करीत नाही, त्याला ते निर्दोष धरत नाहीत. आणि गंभीरपणाच्या हौशी मंडळींनी हेही लक्षात घ्यावे की स्वतः कधी न हसणे व दुसऱ्याला हसू न देणे हाही त्यांच्या लेखी दोषच आहे.

हे निकष रंगमंचावरील द्वंद्वाला लावून पाहिले की बराच गुंता सुटतो. दोन्ही स्पर्धक आपण होऊन उभे राहिलेले असतात. खेळाचे नियम त्यांना ठाऊक असतात, उत्तर देण्याची पाळी दोघांनाही मिळते, आणि खेळ संपल्यावर अनेकदा ते गळाभेट घेतात. एकाने दुसऱ्याच्या उंचीवर, फाटक्या बुटांवर, फसलेल्या यमकावर कोटी केली तर ती मल्लाने मल्लाला टाकलेला डाव आहे. पण त्याच ओळीत प्रतिस्पर्ध्याच्या आईचे, बहिणीचे, पूर्वीच्या मैत्रिणीचे नाव येते तेव्हा काय घडते? ती बाई तेथे नसते. तिने खेळाला संमती दिलेली नसते. उत्तर द्यायला तिच्या हाती माइक नसतो. दोन पुरुषांच्या डावात तिचे शरीर आणि तिचे चारित्र्य सोंगट्यांसारखे फेकले जाते, आणि सभागृहातील सर्वांत मोठा हशा बहुधा तेथेच पिकतो. आमची तक्रार ती हीच. शिवी कानाला खटकते हा मुद्दा त्यामानाने गौण आहे. एकही अपशब्द न वापरता एखाद्या गैरहजर स्त्रीची विटंबना करता येते, आणि भरपूर रांगडी भाषा वापरूनही समोरच्या माणसाचा आब राखता येतो.

'मग खेळात उरते काय?' असे मुले विचारतात. या प्रश्नाला एक प्रत्यक्ष घडलेले उत्तर आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८९ च्या अखेरीस 'गुड लाइफ कॅफे' या आरोग्याहाराच्या उपाहारगृहात दर गुरुवारी रात्री माइक सर्वांना खुला ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथे एक कडक नियम होता: अपशब्द वर्ज्य. म्हणणारा घसरला किंवा कंटाळवाणा झाला की श्रोतेच एका सुरात 'माइक पुढे द्या' अशी विनवणी करीत, आणि मग कितीही नामांकित असला तरी त्याला खाली उतरावे लागे. या बंधनाने कला गुदमरली का? उलट, 'फ्रीस्टाइल फेलोशिप'सारखा, शब्दांच्या गतीने आणि गुंतागुंतीने आजही जाणकारांना चकित करणारा गट याच उपाहारगृहातून पुढे आला. तेथेच रॅप म्हणणाऱ्या एव्हा ड्यूव्हर्ने पुढे नामवंत चित्रपट दिग्दर्शिका झाल्या, आणि २००८ साली त्यांनी त्या गुरुवारांवर माहितीपट केला. सोपा हशा मिळण्याची वाट बंद झाली, म्हणून त्या मुलांना अवघड वाट शोधावी लागली.

आता मूळ प्रश्न. विचार करायला ज्याला वेळच मिळाला नाही, अशा शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्यावर कितपत येते? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू सहज निसटलेल्या शब्दाचाही हिशेब मागतो. हे वचन आम्हांला तरुणपणी फार कठोर वाटे. पण त्याच्या लगेच आधी प्रभू झाड आणि फळ यांविषयी बोलतो, अंतःकरणातील साठ्याविषयी बोलतो. तो संदर्भ जोडून वाचला की कठोरपणाचा अर्थ उलगडतो. २०१२ साली अमेरिकेतील काही मेंदूशास्त्रज्ञांनी बारा फ्रीस्टाइल कलावंतांना तपासयंत्रात झोपवून त्यांच्याकडून आधी पाठ केलेल्या आणि मग उत्स्फूर्त ओळी म्हणवून घेतल्या. उत्स्फूर्त ओळींच्या वेळी मेंदूचा जो भाग आपल्या कृतीवर देखरेख ठेवतो त्याचे काम मंदावलेले आढळले, आणि आतून येणाऱ्या प्रेरणेशी निगडित भाग अधिक जागा झालेला दिसला. विज्ञानाने शुभवर्तमान सिद्ध केले, असला भाबडा दावा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की पहारेकरी डुलकी घेत असताना कोठारातून जे बाहेर येते, ते कोठारात आधी भरलेले असते. शीघ्रकवी त्या क्षणी शब्द निवडत नसेल, परंतु गेली दहा वर्षे तो काय वाचत, ऐकत, कोणाला हसत आला, हे त्याने निवडलेले असते. त्याची जबाबदारी त्या क्षणावर नसून त्या दहा वर्षांवर आहे.

आणि त्या दहा वर्षांत त्याला घडवतो कोण? श्रोता. कोणत्या ओळीला टाळी पडते हे पाहूनच त्याची जीभ वळण घेते. बदनामी आवडीने ऐकणारा बदनामी करणाऱ्याच्या पापात भागीदार होतो, असे संत थॉमस यांनी श्रोत्यालाही बजावले आहे. म्हणून ऐकणे हे काही निष्क्रिय काम नव्हे. गुड लाइफच्या श्रोत्यांना हे कळले होते. मोबाइलवर एकट्याने ऐकणाऱ्याला 'माइक पुढे द्या' म्हणण्याची सोय नाही. त्याने किळसेने ऐकले तरी पाहणाऱ्यांच्या आकड्यात एकाची भर पडतेच.

म्हणून रसिकांनी टीकाकारही व्हावे. टीका म्हणजे दोष काढणे एवढाच अर्थ आम्ही घेत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर ब्लॅक थॉट या कलावंताने सुमारे दहा मिनिटे अखंड रॅप म्हटले, तेव्हा ते खरोखर उत्स्फूर्त होते की आधी रचलेले, असा वाद माजला. जुन्या पिढीचे कलावंत सांगतात की १९८०च्या दशकात 'फ्रीस्टाइल' म्हणजे विशिष्ट विषयाला न बांधलेली रचना, मग ती लिहिलेली का असेना. त्यामुळे फसवणुकीचा आरोप जपून करावा. आमच्या मते कान देऊन ऐकण्याच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. यमक साधण्यासाठी भरताड शब्द येतात का? समोरच्याने नुकतेच जे म्हटले त्याला उत्तर मिळते, की खिशातली जुनी ओळ काढली जाते? ऐनवेळी अडखळल्यावर कलावंत त्या अडखळण्याचाच विषय करतो का? आणि ओळ संपल्यावर समोरचा माणूस आधीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो, की फक्त लहान दिसतो? वाईट निंदा कोणालाही लागू पडते, हा तिचा कलेच्या दृष्टीनेही दोषच आहे. चांगली कोटी त्या एकाच माणसाला लागू पडते, कारण ती करण्यापूर्वी त्याच्याकडे पाहावे लागते.

२००२ सालच्या '८ माइल' या चित्रपटातील अखेरचे द्वंद्व अनेक मुलांना तोंडपाठ आहे. त्यात नायक आपले दारिद्र्य, आपल्या घराची लाज, आपली फजिती स्वतःच जाहीर करून टाकतो. प्रतिस्पर्ध्याकडे बोलायला काही उरतच नाही. हा प्रसंग पापनिवेदनासारखा असल्याचे एका तरुणाने आम्हांला सुचवले. साम्य सुंदर आहे, पण अर्धेच. नायक स्वतःला उघडे करून थांबत नाही. प्रतिस्पर्धी खाजगी शाळेत शिकला आणि त्याचे आईवडील सुखाने एकत्र राहतात, हा त्याचा काळिमा म्हणून तो लगेच पुढे करतो. पापनिवेदन करणारा दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवीत नाही.

हे सारे आता सातासमुद्रापलीकडचे उरलेले नाही. अंधेरीत ख्रिस्ती घरात वाढलेल्या विवियन फर्नांडिस या तरुणाने 'डिव्हाइन' हे नाव घेतले, २०१५ साली नेझीबरोबर आपल्या गल्लीचे गाणे केले, आणि २०१९ साली त्या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट देशभर पाहिला गेला. त्यानंतर आमच्या धर्मग्रामातील मुलेही वहीत यमके जुळवू लागली आहेत.

यंदा सणाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात अशी जुगलबंदी ठेवू द्यावी, असा अर्ज युवक मंडळाने आमच्याकडे दिला. आम्ही दोन अटींवर होकार कळवला. व्यासपीठावर हजर नसलेल्या कोणाचाही उल्लेख थट्टेत येता कामा नये, ही पहिली. परीक्षकांत निदान एका स्पर्धकाची आई असावी, ही दुसरी. पहिली अट मंडळाने तत्काळ मान्य केली. दुसरीवर गेले तीन आठवडे त्यांची चर्चा चालू आहे, आणि आई नेमकी कोणाची बसवायची हे अद्याप ठरलेले नाही.