सुट्टीचे प्रथमफळ

वैशाख अर्धा सरला की अंबरनाथच्या कारखान्यांवरचे आणि उल्हासनगरच्या जुन्या बराकींवरचे पत्रे सकाळी दहालाच तापू लागतात, बदलापुरात पारा चाळिशीपलीकडे गेल्याची वार्ता नित्याची होते, आणि आमच्या मराठी मंडळ्यांच्या उपासनेतील बाके विरळ होत जातात. कारण नगर-जालन्याकडच्या जुन्या मिशन-मुलखातून पोटापाण्यासाठी इकडे येऊन स्थिरावलेली घराणी मुलांच्या परीक्षा संपताच गावची वाट धरतात. अशा वेळी पंचांच्या बैठकीत प्रतिवर्षी एकच प्रश्न निघतो : तरुण संघाचे काम जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत तहकूब ठेवावे, की शिबिर भरवून मुलांना गुंतवून ठेवावे? दोन्ही पक्षांची मते मी आदराने ऐकत आलो आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेले एक गृहीत मला मान्य करता येत नाही. ते असे की, सुट्टी म्हणजे रिकामी जागा, आणि ती एक तर सोडून द्यावी किंवा कशाने तरी भरून काढावी.

वर्षाचे दहा महिने तरुणाचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो. तो शाळेच्या घंटेचा, शिकवणीच्या वर्गाचा आणि बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीचा ताबेदार असतो. सुट्टीचे आठ आठवडे मात्र त्याचे स्वतःचे असतात. आणि जे आपले असते तेच मनुष्य अर्पण करू शकतो, दुसऱ्याच्या मालमत्तेचे दान कोणालाच करता येत नाही. जुन्या करारातील नियमशास्त्राने दशमांश आणि स्वखुशीचे अर्पण यांत भेद केला आहे, तो येथे चिंतनीय वाटतो. दशमांश हे देणे आहे. त्याचा हिशेब मांडता येतो. स्वखुशीच्या अर्पणाला हिशेब नाही, म्हणूनच त्यात देणाऱ्याचे अंतःकरण दिसते. अरण्यात पाच हजारांच्या समुदायाला ज्या भाकरींनी तृप्ती लाभली, त्या एका मुलाच्या शिदोरीतल्या होत्या.

पुनरुत्थानानंतरचा पन्नासावा दिवस दरसाल १० मे ते १३ जून या मुदतीतच येतो, म्हणजे नेमका आमच्या सुट्टीत. मुळात तो गव्हाच्या हंगामातील प्रथमफळाचा सण. त्याच सणाच्या सकाळी पेत्राने यरुशलेमेत योएल संदेष्ट्याचे स्मरण देऊन सांगितले की, आत्म्याचा वर्षाव पुत्रांवर, कन्यांवर आणि तरुणांवरही होणार आहे. बदलापूरच्या रानात जांभळे पिकतात ते याच दिवसांत. झाडाचे पहिले फळ ज्याने प्रभूसाठी वेगळे काढून ठेवले, त्याला प्रथमफळ आणि उरलेसुरले यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. आम्ही वडीलधारे मात्र तरुणांना बहुधा उरलेलेच काम देतो : सतरंज्या घालणे, खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना पाणी देणे. उरलेले काम देणाऱ्याने प्रथमफळाची अपेक्षा करावी, हा न्याय नव्हे.

सुट्टीतील बायबल शाळेचा इतिहासही हेच सांगतो. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या गरीब मुलांसाठी भाड्याच्या जागेत असे वर्ग भरविले. पुढे १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्या कामाला व्यवस्थित रूप दिले. निरुद्योगी हिंडणारी मुले, कुलूपबंद चर्चे आणि सुट्टीत मोकळे असलेले विद्यार्थी या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या, आणि त्या विद्यार्थ्यांनाच शिक्षक केले. या कल्पनेचे मर्म त्या शेवटच्या गोष्टीत आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. विश्रांती हीसुद्धा देवाचीच आज्ञा आहे. थकलेल्या मुलाला शिबिराच्या वेळापत्रकात पुन्हा जखडणे हा शब्बाथाचाच भंग होय. शिवाय उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत सुट्टीभर धागे कापून घरखर्चाला हातभार लावणारा मुलगा आमच्यातच आहे. त्याला सुट्टी नाहीच. सकाळी नऊ ते दुपारी एक असे शिबिर ठरवितानाच आम्ही त्याला वगळलेले असते, आणि मग हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर लिहितो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तासभर त्याच्यासाठी बसावे, त्याच्या दमलेल्या हातांचे काम हीही सेवाच आहे असे त्याला सांगावे, आणि त्याचे प्रश्न ऐकावेत. बारा वर्षांचा येशू सणासाठी यरुशलेमेस गेला असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. त्या गुरुजनांनी त्याला गप्प बसविले नाही.

आणि ही सेवा मंडळीच्या भिंतींच्या आत कोंडून राहू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना लोक फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतात. पण त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात बंधू मानले. फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांनी ज्या लष्करी छावणीत संसार थाटला आणि जिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, त्या गावात परके तरी कोणाला म्हणावे? आमच्या मुलांनी उन्हाळ्यात एकट्या पडलेल्या वृद्धांकडे जावे, कोणाचे औषध आणावे, कोणाला वर्तमानपत्र वाचून दाखवावे. मात्र त्या सेवेच्या पदराला मोबदल्याची गाठ नसावी. ज्या मदतीमागे अपेक्षा दडलेली असते, ती स्वखुशीचे अर्पण राहत नाही.

म्हणून पंचांना आणि पाळकसाहेबांना माझी विनंती आहे की, या मे महिन्यात तरुणांसाठी काय भरवावे हे ठरविण्यापूर्वी त्यांना एकदा एकत्र बोलवावे, लहानांची शब्बाथ शाळा, भजनाची पेटी, जमाखर्चाची वही आणि मंदिराची किल्ली त्यांच्या स्वाधीन करावी, आणि त्यांच्या हातून चुका झाल्या तर त्या सोसाव्यात. आणि तरुणांनो, तुम्हांला एवढेच सांगणे की, सगळी सुट्टी द्या असे कोणी म्हणत नाही. पण जे द्याल ते उरलेले नसावे, पहिले असावे.