नाममुद्रा कोणाची?

सज्जनहो, आजचे निरूपण एका चुकीपासून आरंभतो. आणि ती चूक प्रस्तुत लेखकाचीच आहे.

गेल्या कार्तिकात मुलुंडला सप्ताह होता. चौथ्या दिवशीची कीर्तनसेवा माझ्याकडे होती. दुपारी एका भाविकाने मोबाइलवर चार चरण पाठविले. मायबोलीचा अभिमान धरावा, परक्यापुढे मान लववू नये, असा त्यांचा आशय आणि शेवटी 'तुका म्हणे' ही मुद्रा. मला ते फार आवडले. विषयाला नेमके बसत होते. रात्री निरूपण रंगात आले असता दणकून म्हटले. टाळ वाजले, माना डोलल्या. कीर्तन झाल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी भेटीस आल्या आणि हळूच म्हणाल्या, "महाराज, त्यो अभंग कुठला वो? आमच्या तुकोबाचा न्हाई वाटत." मी म्हणालो, "गाथेत असेल, आजी." त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन गाथा उघडली. दोन रात्री शोधले. नाही म्हणजे नाहीच.

आता कोणी म्हणेल, चार चरणांनी काय बुडाले? बुडते ते सांगतो.

सालोमालो आपणा सर्वांना ठाऊक आहे. तुकोबारायांच्या शब्दांवर आपले नाव घालून तो मिरवीत असे, अशी परंपरेची कथा. गाथेतही त्याचा उल्लेख येतो. कीर्तनात त्याचे नाव निघाले की आपण हसतो. पण आपण करतो ते काय? त्याने तुकोबांच्या वाणीवर स्वतःचे नाव घातले, आपण स्वतःच्या वाणीवर तुकोबांचे नाव घालतो. त्याची चोरी निदान पकडता येत होती. आपल्या करणीने तुकोबांच्या तोंडी ते कधी बोललेच नाहीत असे बोल जातात, आणि उद्याची पोरे त्यांनाच तुकाराम समजतात.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, भूमिका विष्णुपंत पागनीस यांची. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहू कोणत्या दिशेस आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना तुकोबा ठाऊक झाले. थोर काम, यात शंका नाही. पण परिणाम पाहा. कित्येक घरांतील तसबिरीत आपण जे मुख पुजतो त्यावर पागनिसांची छाप आहे. आणि त्या चित्रपटातील बीजाचे व तरूचे ते पद, जे आपल्या आया-आज्यांनी तुकोबांचेच म्हणून गाइले, ते शांताराम आठवले यांच्या लेखणीचे. गाथेत ते नाही. आठवल्यांना मी दोष देत नाही. चित्रपटाला गीत हवे होते, ते त्यांनी तुकोबांच्या भावात बुडून दिले, आणि कर्त्याचे नाव आज आपल्याला सांगता येते. मोबाइलवर फिरणाऱ्या अभंगाला कर्ताच नाही. कोणी विचारले तर उत्तर एकच, "मला पुढून आला."

ही खोड नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सिद्ध झाली. पुढे नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडले, ज्याला जे सुचले ते त्याने घुसडले. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथमहाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि बजावून ठेविले की येथे कोणी आपली ओवी घालू नये. अहो, नाथ केवढे कवी! एकनाथी भागवत लिहिणारा, भारुडांनी गावेच्या गावे जागविणारा पुरुष. त्यांना माउलीसारख्या दहा ओव्या साधल्या नसत्या काय? साधल्या असत्या. पण त्यांनी घातल्या नाहीत. मला तर नाथांचे हे न लिहिणे त्यांच्या लिहिण्याइतकेच मोठे वाटते.

तुम्ही म्हणाल, महाराज, शके-बिके ठीक, पण आम्हा अंधेरी-घाटकोपरच्या लोकलमध्ये लटकणाऱ्यांना याचे काय?

ऐका तर. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावला १९७७ साली चित्रनगरी झाली, अंधेरीत आज मालिकांचे नि जाहिरातींचे काम रात्रंदिवस चालते. साऱ्या देशाने ज्या आरशात स्वतःला पाहिले, त्याची काच बव्हंशी आपल्या या उपनगरांत घडली. त्या आरशात मराठी माणूस कसा दिसला? वर्षानुवर्षे हवालदार, नाहीतर भांडी घासणारी बाई. काम हलके नव्हे हो! गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, जनाबाई दळण दळीत. पण एवढीच का ओळख? शिवाय या शहराने 'घाटी' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला. आळंदी घाटावर, देहूही घाटावर, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानी येत नाही, आणि ऐकणाऱ्याच्याही येत नाही. अंधेरीस ध्वनिमुद्रणाच्या कामावर जाणारा एक वारकऱ्याचा मुलगा माझ्या ओळखीचा आहे. गळ्यात माळ आहे, पण शर्टाच्या आत. वरची गुंडी घट्ट लावलेली.

हे दुःख खरे आहे. आणि त्या दुःखातूनच खोटे अभंग निघतात, हे मला त्या दोन रात्रींत समजले. दुसऱ्याने आपले खोटे चित्र काढले, म्हणून आपण अभिमानाचा खोटा अभंग पुढे करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले, मीही खाल्ले. त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर जे 'संतवचनांचे' लोंढे आले, त्यांतील निम्मी वचने कोणा संताची हे मला आजही सापडलेले नाही.

उलट नामदेवराय पाहा. ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या ग्रंथात एक मात्राही इकडची तिकडे करीत नाहीत. फाळणीनंतर निर्वासित कुटुंबे मुलुंडला वसली, त्यांत पंजाबीही होते. अशाच घरातील एका शीख गृहस्थांना मी नामदेवांचे नाव सांगू लागलो, तो त्यांनी हात जोडले नि म्हणाले, "भगत नामदेवजी तो हमारे हैं।" त्यांच्या घरी नामदेवांची तसबीर नव्हती. पद पाठ होते. मराठी माणूस म्हणजे हवालदार, असे त्यांना कोणी सांगून पाहावे!

असो. पुढच्या एकादशीस त्याच मंदिरात गेलो, आणि उभा राहून सांगितले की मागे म्हटलेला अभंग तुकोबांचा नव्हे, चूक माझी. एक तरुण म्हणाला, "पण महाराज, विचार चांगला होता की." मी म्हणालो, "असेल. मग ज्याने लिहिला त्याने आपले नाव घालावे." थोडे हसू झाले. आजी पुढेच बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. अभंग मात्र शेकड्यांनी कानात. शेजारी नातू, इंग्रजी शाळेत आठवीत. गाथा त्याच्या मांडीवर दिली. तो बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला. जोडाक्षरापाशी अडला की आजी पुढचा शब्द सांगत, मग तो मान खाली घालून पाही, आणि म्हणे, "हो, तसंच लिहिलंय."