घसारा

वस्तू टाकून न देता दुरुस्त करणारा माणूस स्वतःला फार सज्जन समजतो. मी त्यातलाच.

आमच्या आळे गावच्या घरात एक व्हॅक्युम क्लीनर आहे. वडिलांनी तो 1988 साली, पुण्यात नोकरीला असताना घेतला. टाय बांधलेला विक्रेता दारात आला, आमच्याच गादीतली धूळ त्यानं पांढऱ्या रुमालावर काढून दाखवली, आणि आई इतकी ओशाळली की वडिलांनी तिथल्या तिथे हप्ते कबूल केले. मोटार अजून ठणठणीत आहे. फाटतो तो पाइप. तोही मशीनला जोडतात त्या टोकाशी, कारण सगळी ओढाताण तिथंच होते. चीर पडली की हवा मधूनच आत शिरते. मग मशीन तेवढंच ओरडतं आणि कचरा मात्र जागचा हलत नाही. (बँकेत इतकी वर्षं काढल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.)

माझा इलाज ठरलेला. फाटलेलं टोक कापायचं, प्लॅस्टिकचं कडं पुन्हा फिरवून बसवायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. खर्च शून्य. दर खेपेला पाइप फक्त चार बोटं आखूड होतो. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथनं धूळ ओढणारं यंत्र काढलं, तेव्हा ते घोडागाडीवर रस्त्यातच उभं राहायचं आणि लांबच लांब पाइप खिडक्यांतून घरात जायचे. आमची प्रगती तिथून उलट्या दिशेनं चालली होती.

"अहो, आता नवीन पाइप आणा," सौ. म्हणाली.

"आज पाइप बदलू, उद्या मोटार, परवा डबा. मग त्यात वडिलांचं मशीन उरलं कुठं?" असं म्हणून मी थेट नागसेनाला साक्षीला काढला. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असं त्यानं मिलिंद राजाला विचारलं होतं. मिलिंद यवन; आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या दानाचे शिलालेख आहेत, म्हणजे साक्षीदार तसा तालुक्यातलाच. पण रथ हे साऱ्या भागांना मिळून दिलेलं नुसतं नाव, असं त्या संवादात ठरतं. म्हणजे चाक बदललं तरी रथाचं काही अडत नाही. साक्षीदार उलटला, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

मग मी बी.कॉम. बाहेर काढलं. घटत्या शिलकीवर दरसाल 15 टक्के घसारा धरला तर 3000 रुपयांच्या मशीनचे 35 वर्षांनीही दहा रुपये उरतात. शून्य कधी होतच नाही!

"आणि माझ्या कमरेचा घसारा कुठल्या वहीत लिहिता?"

हा प्रश्न मी ऐकला नाही. शेवटचं अस्त्र काढलं. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आपल्या गावात आहे. मुक्या जनावराची एवढी कदर करणारं हे गाव, आणि आपण चाळीस वर्षं राबणाऱ्या मशीनला...

"समाधी दिली ना? ट्यूबची पट्टी गुंडाळून परत कामाला नाही ना लावला?" ती म्हणाली आणि पाइप माझ्या हातात देऊन कांदे निवडायला ओसरीवर गेली.

तोवर ते मशीन मी फक्त दुरुस्त केलं होतं, चालवलं नव्हतं. पाइप एवढा तोकडा की दर पावलाला डबा घोट्यावर आदळायचा आणि पलंगाखाली शिरायचं तर कपाळ फरशीला टेकायचं. दुसऱ्या खोलीत पाठीत उसण भरली. वाचवलेले पैसे माझ्या खाती जमा होत होते आणि नावे पडत होती तिची पाठ. शिवाय एवढी वर्षं तिनं हे दोनदाच बोलून दाखवलं होतं, हे आठवून आणखीच दुखायला लागलं.

आळेफाट्यावर दुकानदारानं विहिरीच्या मोटारीचा सक्शन पाइप दाखवला. तो वाकवायला दोन माणसं लागली असती. मग पुण्याहून मागवला. तो 32 मिलिमीटरचा, कडं जुनं, दोघांचं पटेना. शेवटी ट्यूबची पट्टी मध्ये घातलीच.

करडं मशीन, निळा पाइप. जुना मी माळ्यावर टाकत होतो, तर सौ.नं शिडी धरता धरता विचारलं, "वर एखादा दगड पण नेऊन ठेवायचाय का?"