तूप न पाहता यज्ञ

आंधळ्या माणसाला यज्ञ करण्याचा अधिकार आहे का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात अधिकाराची चर्चा आहे आणि तिथे हा प्रश्न चांगलाच खल करून सोडवला आहे. अडचण साधी आहे. विधीत तुपाकडे पाहायला सांगितले आहे. आंधळा ते कसे करणार? विष्णुक्रम नावाची पावले टाकायची आहेत; पांगळ्याने ती कशी टाकायची? मीमांसकांचा निवाडा कडक आहे: व्यंग बरे होणारे असेल तर बरे झाल्यावर या, कायमचे असेल तर अधिकार नाही.

पण त्याच अध्यायात पुढे एक पळवाट नव्हे, चांगला रुंद रस्ता आहे. फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म यथासांगच व्हायला हवे. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म मात्र चुकवता येत नाही. म्हणून तिथे प्रधान, म्हणजे मुख्य कर्म, तेवढे सांभाळावे आणि अंगे, म्हणजे त्याला जोडलेले विधी, यथाशक्ती करावीत. म्हणजे कोण पात्र, हे ठरवण्याआधी त्या कर्मात प्रधान काय आणि अंग काय, हे ठरवावे लागते.

भाषा शिकवणारी संकेतस्थळे आज नेमक्या याच पेचात आहेत, फक्त त्यांना मीमांसा आठवत नाही.

नेहमीचा एक स्वाध्याय घ्या. पडद्यावर चार चित्रे आणि खाली फ्रेंच शब्द: ‘पोम’. सफरचंदावर बोट ठेवायचे. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला एनव्हीडीए हा त्यातला फुकट मिळणारा आणि भरपूर वापरला जाणारा. तो घडवणारे दोघेही दृष्टिहीन. विद्यार्थी टॅबची कळ दाबत जातो आणि कानावर येते: ‘ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक’. चित्राला वर्णनच दिलेले नाही. बरे, वर्णन म्हणून ‘पोम’ असेच लिहिले, तर उत्तर आयते फुटते.

वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांनाही हा पेच ठाऊक आहे. मजकुरात उतरवल्याने परीक्षाच निरर्थक होत असेल, तर तिथे कोणत्या प्रकारचा स्वाध्याय आहे एवढी ओळख पुरे, अशी सवलत त्यांत आहे. सवलतीने नियम पाळला जातो, पण विद्यार्थी बाहेरच राहतो. त्याला आत घ्यायचे तर शिक्षकाने विचारायला हवे: या प्रश्नातून मला काय तपासायचे आहे? डोळ्यांची नजर की शब्दाचा अर्थ? अर्थ तपासायचा असेल, तर ‘लाल, गोल फळ, वर देठ’ हे मराठीतले वर्णन तेच काम करते. चित्र हे अंग होते. ते प्रधान वाटू लागले, कारण स्वाध्याय रचणाऱ्याला दिसत होते.

बाकीच्या गोष्टी अशाच तपासता येतात. शब्दांच्या जोड्या माउसने ओढून लावायच्या? हात थरथरणाऱ्याला किंवा कळफलकावरच काम करणाऱ्याला ते जमत नाही. शब्द निवडून जागा निवडली तरी व्याकरण तेच कळते. दहा सेकंदांची घड्याळाची टिकटिक? ती खेळाची गंमत आहे, भाषेची अट नाही.

सगळीच अंगे अशी सुटी होत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. उच्चाराच्या धड्यात ध्वनी हेच प्रधान. कर्णबधिराला तो धडा ‘दुसऱ्या रीतीने’ देता येतो, असे म्हणणे ही फसवणूक ठरेल. पण म्हणून ध्वनी हे साऱ्या भाषेचेच प्रधान ठरत नाही. तसे मानण्याची किंमत जगाने मोजली आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. खुणांच्या भाषेला स्वतःची पूर्ण रचना असते, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये मांडले, तोवर कित्येक पिढ्या गेल्या होत्या. तेव्हा ऐकण्याचा धडा वगळून पुढच्या क्रियापदांकडे जाता आले पाहिजे. एका अंगासाठी सगळा यज्ञ अडवून धरायचे कारण नाही.

मीमांसकांनी उणीव माणसात पाहिली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने ती माणूस आणि त्याच्या वाटेतले अडथळे यांच्या गाठीत पाहिली. भारताने २००७ मध्ये तो करार स्वीकारला. २०१६ च्या भारतीय अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तिथे प्रश्न केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याचा होता. अॅसिडने चेहरा जळालेल्यांनी आणि दृष्टिहीनांनी ते कसे करायचे? जुन्या भाषेत सांगायचे तर सुगम्यता आता काम्य कर्म राहिलेली नाही. सवड मिळाली, पुण्य हवेसे वाटले तेव्हा करायचे ते दान नव्हे. चुकवले तर दोष लागतो असे नित्य कर्म आहे.

मराठी शिकवणाऱ्यांनी आपले घर आधी पाहावे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुबक देवनागरी दिसतो. स्क्रीन रीडरला मात्र आत इंग्रजी अक्षरांची भेळ सापडते. बाराखडीचा तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला असतो. त्यातले एक अक्षरही वाचले जात नाही. पानात मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे, हे कोडमध्ये नोंदवलेले नसते, म्हणून अनेकदा ‘आई’ रोमनमध्ये लिहिलेली दिसली की इंग्रजी आवाज तिचे भलतेच काही करतो. परदेशात वाढलेल्या, डोळ्यांनी न पाहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला घरची भाषा शिकायची असेल, तर ती इथेच अडते. युनिकोड वापरणे, तक्ता मजकुरात देणे आणि प्रत्येक शब्दाची भाषा नोंदवणे या तिन्ही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. पुढचा धडा चढवण्याआधी त्या कराव्यात आणि माउस बाजूला ठेवून, पडदा बंद करून तो धडा स्वतः एकदा पुरा करून पाहावा.