बर्फ आणि उघडे दार



परदेशी गेलेली आपली मुले पहिल्या बर्फाचे फोटो पाठवतात. आपण कौतुकाने पाहतो; पण त्या शुभ्रतेमागची थंडी फोटोत दिसत नाही.

१८८३ साली आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या. टेंभी नाक्यावरच्या थंडीला एक शाल पुरते. फिलाडेल्फियाचा हिवाळा शालीला दाद देणारा नव्हता. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण क्षयाने खंगून परतल्या आणि १८८७ मध्ये वारल्या.

त्या परक्या देशात त्यांना ऊब मिळाली ती न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी. रक्ताचे नाते काहीच नव्हते. तरी त्या ख्रिस्ती बाईंनी त्यांना मुलीसारखे सांभाळले, धर्मांतराची अट न घालता. आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या.

पाऊस आणि हिम भूमी भिजवल्याविना परतत नाहीत, तसाच देवाचा शब्दही निष्फळ होत नाही, असे यशया संदेष्टा सांगतो. त्या घरी तो शब्द फळला.

आपल्या इमारतीतही कोणी नवखा, एकटा राहत असेल. या आठवड्यात त्याला जेवायला बोलावू या. जात-धर्म न विचारता. आपल्या मुलांसाठी परदेशी कोणी दार उघडावे, अशी प्रार्थना करताना आपले दार बंद नसावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.