दुसरी चाळिशी

चाळिशी हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो. वयाची चाळिशी उलटली की नाकावर चाळिशी येते, आणि तिचे कोणाला वैषम्य वाटत नाही. केस पिकतात, दात हलतात, जिना चढताना गुडघा कुरकुरतो. गृहस्थ या साऱ्यांचा पंगतीत मोठ्याने उच्चार करतो आणि मंडळी हसतात. पण याच वयात शरीरात आणखी एक बदल होऊ लागतो, त्याबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नाही. पत्नीच्या सहवासात, मनात इच्छा असूनही, कधी कधी शरीर साथ देत नाही. इंद्रियाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण जो अंक नवराबायको दोघेही वाचतात, त्यातच त्याला जागा हवी. कारण त्याविषयीचे मौन घरातच नांदत असते.

ही गोष्ट विरळा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या सुमारे तेराशे पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत निम्म्याहून थोड्या अधिक पुरुषांना ही अडचण कमीअधिक प्रमाणात होती. पूर्ण असमर्थता मात्र दहांतल्या एखाद्यालाच. म्हणजे ज्याला आपण जगावेगळे दुर्दैव समजतो, ते शेजारच्या घरीही असण्याचा संभव आहे. तिथेही दार लावलेलेच असते, एवढेच.

आता प्रश्न असा, की यात लाज वाटण्याजोगे काय आहे? लाज आणि दोष यांचा संबंध इच्छेशी असतो. जे मी करू शकत होतो आणि केले नाही, त्याबद्दल मला लाज वाटावी हे योग्य. पण ही क्रिया हुकमाने होत नाही. इच्छा जागी झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात आणि रक्त आत भरते. या वायूचे रक्ताभिसरणातील कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे ताठरता येते ती सैल पडण्यातून. भीतीने आणि ताणाने तर त्याच वाहिन्या आवळतात. म्हणून जो हट्टाने शरीराला राबवू पाहतो, त्याचे शरीर अधिकच आडमुठेपणा करते. झोप आणू म्हटल्याने येत नाही, तसेच हे आहे.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. चरकसंहितेत कोणत्या गोष्टी कोणत्या बाबतीत अग्रगण्य, याची एक लांबलचक यादी आहे. तीत कामशक्ती वाढवणाऱ्यांत मनाच्या संकल्पाला आणि ती घटवणाऱ्यांत मनाच्या खिन्नतेला पहिला मान दिला आहे. फ्रान्समध्ये माँटेनने १५८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हाच विषय न संकोचता घेतला. एकदा अपयश आले की त्याची धास्तीच दुसरे अपयश ओढवून आणते, असा त्याचा आशय आहे. अशाच एका गृहस्थाने आपली अडचण आधीच बोलून टाकली, त्यामुळे मनावरचा ताण उतरला आणि उपाय सापडला, असेही तो सांगतो.

आपल्याकडे मात्र शब्दांनीच घोटाळा केला आहे. पुरुषार्थ म्हणजे धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. या चौघांपैकी एकाच्या एका अंगाला आपण सगळे पौरुष टांगून ठेवले. गीतेत श्रीकृष्णाने अर्जुनाला क्लैब्य सोडण्यास सांगितले, ते कर्तव्यापासून पळू पाहणाऱ्या मनाला उद्देशून. त्याच अर्जुनाने विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन एक वर्ष काढले. त्यामुळे तो कमी पुरुष ठरला असे व्यासांनी कुठे सुचवलेले नाही.

शरीर अडले यात दोष नाही. पण पुढे जे वागणे घडते, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातचे असते, आणि नीतीचा प्रश्न तेथे सुरू होतो. पुरुष थकव्याचे निमित्त सांगतो, कामाचा बोजा पुढे करतो, मग उशिरा झोपायला येऊ लागतो. पुढेपुढे तो हात हातात घेण्याचेही टाळतो, न जाणो त्यातून अपेक्षा उत्पन्न व्हायची. इकडे पत्नी आरशासमोर उभी राहून आपले वय मोजते आणि ठरवते, की आता आपण याला नकोशा झालो. त्याने आपला मान राखला, पण त्याची किंमत तिने भरली, आणि कशासाठी भरली हेही तिला कळले नाही. हा अन्याय आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे यावर उत्तर येईल. जगापुरते ते खरे आहे. चव्हाट्यावर बोलावे असे कोणी म्हणत नाही. पण जिच्याशी संसार केला तिच्यापुढेही मूठ झाकायची, तर सव्वा लाख ठेवायचे कुणासाठी? मर्यादा दोघांभोवती असावी, दोघांच्या मध्ये नसावी. आणि ऐकणारीवरही एक जबाबदारी येते: हसू नये, आणि उगीच कीवही करू नये.

मौनाचा फायदा घेणारे तिसरेच असतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेच्या कडेच्या भिंती गुप्त इलाजांच्या जाहिरातींनी रंगतात. खऱ्या वैद्याकडे जावे, याला आणखी एक कारण आहे. या इंद्रियाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू यांनी केलेली हानी पुष्कळदा येथे आधी उमटते. एखाद्या वेळी घडले तर ते विसरावे; वारंवार घडू लागले तर रक्त तपासून घ्यावे. १९९८ पासून यावर गोळ्याही मिळतात. पण हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याला त्या घातक ठरू शकतात, म्हणून त्या चोरून घेण्याच्या नव्हेत.

‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. आज कोणी कोर्टात खेचणार नाही. दिवे मालवल्यावर, शेजारी जागी असलेल्या माणसाला एक खरे वाक्य सांगायचे, एवढेच धैर्य आपल्याकडून मागितले जात आहे. ज्याला ते साधले त्याच्या पौरुषाविषयी निदान त्या घरात तरी शंका उरणार नाही.